संस्थेची वेब-प्रणाली उभारताना डेटाबेस, भाषा आणि सर्व्हर कसे निवडावेत

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी संस्थांमध्ये अलीकडे एक मागणी वारंवार ऐकू येते. वाचनालयाची देवघेव, सभासदांची वर्गणी, सभागृहाचे आरक्षण आणि गणेशोत्सवातील स्पर्धांची नावनोंदणी हे सारे एकाच ठिकाणी, ब्राउझरमधून करता यावे, अशी ती मागणी असते. काम अंगावर घेणारा बहुधा संस्थेतलाच एखादा तरुण सभासद असतो आणि त्याचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी ‘कोणत्या प्रोग्रॅमिंग भाषेत करू?’ हाच असतो. अशा दोन संस्थांचे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, हा प्रश्न तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकावर यायला हवा. जो घटक नंतर बदलणे सर्वांत अवघड, तो सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक वेळ देऊन ठरवावा. जो सहज बदलता येतो, त्यावर फार खल करू नये. पुढच्या सगळ्या सूचना या एका नियमातून निघालेल्या आहेत.

या नियमाने पाहिले की क्रम आपोआप लागतो. पडद्यावरची मांडणी आठवड्याभरात बदलता येते. होस्टिंग, म्हणजे प्रणाली ज्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली आहे ती जागा, एखाद्या सुटीच्या दिवशी हलवता येते. भाषा बदलायची म्हणजे प्रणाली जवळजवळ नव्याने लिहायची. डेटाबेस बदलणे त्याहून जिकिरीचे असते, आणि चुकीच्या रूपात साठवलेल्या पंचवीस हजार नोंदी दुरुस्त करणे तर सर्वांत जिकिरीचे, कारण त्यासाठी कोणाला तरी एकेक पुस्तक हातात घेऊन बसावे लागते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी करवली. तेव्हापासून सूची ठेवण्याची साधने कितीतरी बदलली. दाखल क्रमांक, शीर्षक आणि लेखक ही माहिती मात्र एका साधनातून दुसऱ्या साधनात उतरवली जात राहिली. आज आपण लिहिलेला प्रोग्रॅमही असाच कधीतरी बाजूला पडेल आणि त्यातल्या नोंदी पुढे न्याव्या लागतील, हे धरूनच निवड करावी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे आधी सांगितली पाहिजे. संस्थेला फक्त वाचनालय सांभाळायचे असेल, तर नवी प्रणाली लिहिण्यापूर्वी ‘कोहा’ ही तयार, मुक्त-स्रोत ग्रंथालय प्रणाली जरूर वापरून पाहावी. ती न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी लिहिली गेली, २००० सालापासून वापरात आहे आणि जगभर चालते. वाचनालयाबरोबर सभागृह, स्पर्धा, अनामत, देणग्या असा संस्थेचा स्वतःचा पसारा असेल आणि तो एकमेकांत गुंतलेला असेल, तरच स्वतः लिहिण्याचा विचार करावा. पुढचे विवेचन अशाच संस्थेसाठी आहे.

सुरुवात नोंदवहीपासून

संगणक उघडण्यापूर्वी ग्रंथपालांकडून दाखल नोंदवही, देवघेवीची वही आणि पावती-पुस्तक मागून घ्यावे आणि त्यांतल्या सर्वांत त्रासदायक अशा साठ-सत्तर नोंदी कागदावर उतरवाव्यात. एकाच पुस्तकाच्या चार प्रती, दोन लेखकांचे पुस्तक, लेखकाचे नाव नसलेले पुस्तक, एकाच नावाचे दोन सभासद, निम्मी वर्गणी भरलेला सभासद, हरवलेल्या पुस्तकाची भरपाई, मराठी वाचनालयातली गुजराती पुस्तके अशा नोंदी त्यात हव्यात. या कागदांना मी कसोटीच्या नोंदी म्हणतो. पुढे प्रत्येक तंत्रज्ञान याच नोंदींवर पारखायचे आहे. त्या-त्या तंत्रज्ञानाच्या संकेतस्थळावर दिलेल्या नमुन्यांवर नाही.

त्याच वेळी भाराचाही हिशेब करावा. पंचवीस हजार पुस्तके आणि दर नोंदीला सरासरी एक किलोबाइट धरला, तर सगळी सूची सुमारे २५ मेगाबाइटची होते, म्हणजे साध्या सर्व्हरच्या मेमरीतसुद्धा ती पूर्ण मावते. संध्याकाळच्या दोन तासांत दोनशे देवघेवी झाल्या, तर सरासरी दर ३६ सेकंदांना एक नोंद पडते. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की अनेक सर्व्हरांची जुळणी, रांगा सांभाळणारी वेगळी सेवा, वेगळी शोधयंत्रणा असल्या गोष्टी आपोआप गळून पडतात. आपल्या कामाला लागतो तो एक डेटाबेस, एक प्रोग्रॅम आणि एक वेब सर्व्हर.

लिपीची कसोटी

बडोद्यातल्या संस्थेसाठी सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातले ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, एकसंध चिन्ह म्हणून आहे. तेच र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. या दोन रूपांना युनिकोड समान मानते आणि ‘एनएफसी’ नावाच्या प्रमाणीकरणाने ती एकरूप होतात. परंतु अनेक जुन्या कळफलकांवर आणि जुन्या फाँटांतून रूपांतरित केलेल्या मजकुरात तिसरी रीत आढळते, ती म्हणजे र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे जोडणीचे चिन्ह आणि मग य. पडद्यावर शब्द तोच दिसतो, पण डेटाबेसच्या दृष्टीने तो वेगळा असतो आणि एनएफसी त्याला हात लावत नाही. ‘ॲ’चेही असेच आहे. ॲ हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळांनी अ या अक्षरावर चंद्र देऊन ते लिहिले, आणि ही दोन रूपेही प्रमाणीकरणाने एक होत नाहीत. परिणाम असा होतो की, ग्रंथपाल शीर्षक टंकित करतात, पुस्तक समोरच्या कपाटात असते आणि प्रणाली ‘नोंद सापडली नाही’ असे सांगते. हे मी स्वतः काउंटरवर उभा राहून पाहिले आहे. सत्तरीच्या ग्रंथपाल बाईंना वाटले की आपलेच काही चुकले, आणि त्या तेच नाव पुन्हा पुन्हा टंकित करत राहिल्या.

यावरचा उपाय असा. प्रत्येक शीर्षकाबरोबर आणि नावाबरोबर दुसरा एक स्तंभ ठेवावा. त्याला मी ‘शोधरूप’ म्हणतो. मूळ स्तंभात माणसाने लिहिले तसे राहू द्यावे. शोधरूपात मात्र एनएफसी प्रमाणीकरण, वर सांगितलेल्या जोड्यांची एकच रूपे, जास्तीच्या मोकळ्या जागा काढणे आणि देवनागरी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही प्रकारचे अंक एकाच प्रकारात आणणे, हे सर्व एकाच फंक्शनने करून साठवावे. शोधणाऱ्याने टंकित केलेला शब्दही त्याच फंक्शनमधून न्यावा. येथे बडोदेकरांना एक सोय फुकट मिळते. युनिकोडमधील देवनागरी आणि गुजराती हे दोन्ही गट एकाच आराखड्यावर रचलेले आहेत, त्यामुळे गुजराती अक्षराच्या क्रमांकातून ३८४ वजा केले की त्याच जागेवरचे देवनागरी अक्षर मिळते. ક चा क होतो, ળ चा ळ होतो, अंकही जुळतात. शोधरूप तयार करताना ही वजाबाकी केली, तर गुजराती लिपीत नोंदवलेले ‘कुलकर्णी’ मराठीत शोधूनही सापडतात. दोन भाषांतले शुद्धलेखनाचे फरक यातून मिटत नाहीत. पण आडनावे आणि दाखल क्रमांक यांच्यासाठी ही सोय फार उपयोगी पडते.

अनुक्रम हा दुसरा प्रश्न. मराठी कोशांत ळ हा ह नंतर येतो आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी येतात. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो, आणि क्ष म्हणजे क, हलन्त, ष असल्यामुळे ‘क्षितिज’ क मध्ये जाऊन पडते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे दोन प्रचलित डेटाबेस आहेत. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोडसाठीच्या तयार प्रोग्रॅम-संग्रहाचे भाषावार अनुक्रम वापरता येतात आणि त्यांत मराठीही आहे. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या अनुक्रमात ळ हा ल नंतरच येतो. तेथे अनुक्रमासाठीही वेगळा स्तंभ भरावा लागतो. हे अवघड नाही, पण आधी माहीत हवे. मात्र अनुक्रम देणारा संग्रह अद्ययावत झाला की जुने इंडेक्स, म्हणजे नोंदी झटपट शोधण्यासाठी डेटाबेसने ठेवलेल्या क्रमवार याद्या, चुकीचे ठरू शकतात. लिनक्समधील ग्लिबसी या मूलभूत संग्रहाच्या २.२८ या आवृत्तीने २०१८ मध्ये अनेकांना हा अनुभव दिला. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर इंडेक्स नव्याने बांधण्याचे काम वेळापत्रकात लिहून ठेवावे.

लांबीची मर्यादा ठरवतानाही काळजी घ्यावी. ‘क्षत्रिय’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा मोजतो. युनिकोडमध्ये तो आठ चिन्हांचा आहे आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे २४ बाइटांचा. स्तंभाला पन्नासची मर्यादा घातली तर पन्नास अक्षरे मावतील, असे समजू नये. मायएसक्यूएल निवडले असेल, तर ‘यूटीएफ८’ या नावाने मिळणारा जुना अक्षरसंच वापरू नये, कारण तो एका चिन्हाचे तीन बाइटच साठवतो. ‘यूटीएफ८एमबी४’ हाच घ्यावा. तीन बाइटांत देवनागरी मावते, म्हणून ही चूक लवकर उघड होत नाही. पण मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली ती चार बाइटांच्या पट्ट्यात, आणि जुन्या मोडी कागदांची सूची करू पाहणाऱ्या संस्थेला तेथेच अडायला होईल.

डेटाबेस

आपल्या कामात सभासद, प्रत, देवघेव, पावती यांचे एकमेकांशी घट्ट नाते आहे. अशा नात्यांसाठी एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले तक्त्यांचे प्रारूप आजही सर्वांत योग्य आहे. त्यामुळे तक्त्यांऐवजी प्रत्येक नोंद सुट्या कागदासारखी ठेवणारे दस्तऐवज-पद्धतीचे डेटाबेस येथे विचारात घेण्याची गरज नाही. निवड उरते ती एसक्यूलाइट, मायएसक्यूएल किंवा त्यातून २००९ मध्ये फुटलेला मारियाडीबी, आणि पोस्टग्रेस यांच्यात.

या तिघांना एकच प्रश्न विचारून पाहावा. एक प्रत एका वेळी एकाच सभासदाकडे असली पाहिजे, हा नियम कोण पाळणार? तो फक्त प्रोग्रॅममध्ये लिहिला, तर दोन काउंटरवर एकाच क्षणी त्याच प्रतीचा क्रमांक टाकला गेल्यास दोन्हीकडे ‘प्रत उपलब्ध आहे’ असेच उत्तर मिळते आणि दोन्ही नोंदी पडतात. हा नियम डेटाबेसनेच पाळायला हवा. पोस्टग्रेसमध्ये ‘ज्या देवघेवीत परतीची तारीख रिकामी आहे, तेवढ्यांतच प्रत-क्रमांक अनन्य असावा’ असा अंशतः लागू होणारा इंडेक्स एका ओळीत करता येतो. एसक्यूलाइटमध्येही ही सोय आहे. मायएसक्यूएलमध्ये असा इंडेक्स थेट मिळत नाही. त्यासाठी एक हिशेबी स्तंभ तयार करून त्यावर अनन्यता लावावी लागते. तसेच ‘दंड ऋण असू नये’ यासारखी तपासणी मायएसक्यूएल ८.०.१६ पूर्वी लिहून घेत असे, पण अमलात आणत नसे. आपल्या होस्टिंगवर नेमकी कोणती आवृत्ती आहे, हे म्हणूनच विचारावे.

एसक्यूलाइटला अनेक जण खेळणे समजतात, ते मला मान्य नाही. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो, वेगळा सर्व्हर सांभाळावा लागत नाही आणि तिच्या निर्मात्यांनी २०५० पर्यंत आधार देण्याचा मनोदय जाहीर केलेला आहे. तिची मर्यादा एवढीच की एका वेळी एकच लेखन होते. दर ३६ सेकंदांना एक नोंद पडणाऱ्या ठिकाणी हीदेखील खरी अडचण नाही. एकच काउंटर आणि एकच सर्व्हर असलेल्या लहान वाचनालयासाठी मी आजही तिचीच शिफारस करतो. संस्था मोठी असेल, सभासद घरून पुस्तकांचे नूतनीकरण करणार असतील आणि अनुक्रम व शोध यांची वर सांगितलेली गरज असेल, तर पोस्टग्रेस घ्यावे. त्यात तक्त्यांच्या रचनेतले बदलही ट्रॅन्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे होतील किंवा एकही होणार नाही अशा एका गटात, करता येतात, त्यामुळे अर्धवट राहिलेला बदल पूर्ण मागे घेता येतो. सुटीच्या दिवशी एकट्याने काम करणाऱ्यासाठी हा मोठा दिलासा आहे. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी घेण्याचे सबळ कारण म्हणजे उपलब्ध होस्टिंगवर तेवढेच मिळते किंवा सांभाळणाऱ्यांना तेच नीट येते. ही कारणे कमी प्रतीची नाहीत.

कोणताही डेटाबेस घेतला तरी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी नीट कराव्यात. अनामत आणि वर्गणी यांच्यासाठी दशांश प्रकारचा स्तंभ घ्यावा. तरंगत्या अपूर्णांकांचा कधीही घेऊ नये, कारण वर्षअखेर हिशेब तपासताना पैशांचा फरक निघतो. आणि वेळ साठवताना कालविभाग ठरवून साठवावा. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. सभासदाने रात्री एक वाजता घरून नूतनीकरण केले, तर सर्व्हरच्या लेखी ती आदली तारीख असते आणि विलंब शुल्काचा हिशेब एका दिवसाने चुकतो.

भाषा आणि फ्रेमवर्क

आता तो पहिला प्रश्न. फ्रेमवर्क म्हणजे नेहमी लागणारे भाग आधीच लिहून ठेवलेला, त्या भाषेतला तयार सांगाडा. पीएचपी आणि लारावेल, पायथॉन आणि जँगो, रुबी आणि रेल्स, जावा आणि स्प्रिंग, सी-शार्प आणि डॉटनेट, नोड आणि त्यावरची फ्रेमवर्क यांपैकी कशानेही आपले काम उत्तम होऊ शकते. त्यांच्या वेगातील फरक आपल्याला कधीच जाणवणार नाही. जाणवेल तो सांभाळणाऱ्या माणसांचा. म्हणून भाषा निवडताना मी तीन नावे लिहायला सांगतो, म्हणजे या भाषेत काम करू शकणारी, बडोद्यातच राहणारी आणि संस्थेशी काही नाते असलेली तीन माणसे. लिहिणारा तरुण सभासद नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी जाईल, हे गृहीत धरावे. तीन नावे लिहिता आली नाहीत, तर ती भाषा कितीही आवडती असली तरी बाजूला ठेवावी.

दुसरी पाहणी आधाराच्या मुदतीची. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो, पायथॉनच्या आवृत्तीलाही साधारण पाच. जँगोच्या दीर्घ-आधार आवृत्तीला तीन वर्षे मिळतात; अशा आवृत्त्या एप्रिल २०२३ मध्ये ४.२ आणि एप्रिल २०२५ मध्ये ५.२ या आल्या. लारावेलच्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या दोन वर्षे मिळतात, तर नोडच्या दीर्घ-आधार आवृत्तीला साधारण अडीच वर्षे. मुदत लहान असणे हा दोष नाही, पण तेवढ्या वर्षांनी कोणीतरी बसून अद्ययावत करण्याचे काम करणार आहे का, हे कार्यकारिणीला आधीच विचारले पाहिजे.

हे मी शिकलो ते एका सकाळी. आमच्याकडे एक जुनी प्रणाली पीएचपी ५ च्या काळात लिहिलेली होती आणि ती डेटाबेसशी बोलताना जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शने वापरत असे. ती फंक्शने २०१३ मध्ये कालबाह्य म्हणून जाहीर झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली गेली. ज्यांच्याकडे होस्टिंग होते, त्यांनी एका रात्री पीएचपी बदलले. सकाळी वाचनालय उघडले तेव्हा प्रत्येक पान कोरे होते. तीन आठवडे देवघेव कागदावर चालली आणि नंतर ती सगळी पुन्हा भरावी लागली. इशारा दोन वर्षे आधी मिळालेला होता. तो वाचण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नव्हते.

फ्रेमवर्क घ्यावे की स्वतः सगळे लिहावे, या प्रश्नावर माझे उत्तर निःसंदिग्ध आहे. फ्रेमवर्क घ्यावे. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, बाहेरून आलेला मजकूर थेट जोडला गेला, तर कोणीही आपला डेटाबेस वाचू किंवा पुसू शकतो. चांगल्या फ्रेमवर्कमध्ये मजकूर आणि क्वेरी वेगवेगळ्या पाठवण्याची रीत मुळातच असते. पासवर्ड बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ यांसारख्या पद्धतीने साठवणे, दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेले खोटे फॉर्म ओळखणे या गोष्टीही तयार मिळतात. जँगोची आणखी एक सोय आपल्या कामाला फार जुळते. तक्त्यांचे वर्णन लिहिले की नोंदी भरण्याचे आणि दुरुस्त करण्याचे व्यवस्थापन-पान आपोआप तयार होते, त्यामुळे ग्रंथपाल दुसऱ्याच दिवशी खऱ्या नोंदी भरून पाहू शकतात आणि चुका लवकर कळतात. सभासदांत लहान मुले असतील, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षिली आहे, हे लक्षात घेऊन अनावश्यक माहितीचे स्तंभ ठेवूच नयेत.

पडदा आणि छपाई

पाने सर्व्हरवरच तयार करून ब्राउझरला पाठवावीत. काउंटरवरचा संगणक बहुधा जुना असतो, आणि फॉर्म भरणे, यादी पाहणे, पावती काढणे यांसाठी याहून अधिक काही लागत नाही. बारकोड वाचणारे साधे यंत्र संगणकाला कळफलकासारखेच वाटते, म्हणून त्यासाठीही वेगळे काही निवडायचे नसते.

छपाईकडे मात्र नीट लक्ष द्यावे. पीडीएफ तयार करणाऱ्या अनेक संग्रहांना देवनागरीची जोडाक्षरे बसवता येत नाहीत. पावतीवर ‘क्षत्रिय’ऐवजी क, हलन्त, ष असे सुटे छापले जाते आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येते. पोस्टग्रेस, जँगो सगळे उत्तम जमले असताना पावतीवर सभासदाचे नाव मोडलेले दिसले, तर त्याला वाईट वाटते आणि ते रास्तच आहे. शक्य असेल तेथे पावती साधे वेब-पान म्हणून तयार करून ब्राउझरमधूनच छापावी. ब्राउझरला जोडाक्षरे नीट जमतात. पीडीएफ हवीच असेल, तर पायथॉनमध्ये वीझीप्रिंट आणि पीएचपीमध्ये एमपीडीएफ हे संग्रह भारतीय लिप्यांची जोडणी करू शकतात. निवडण्यापूर्वी ‘क्षत्रिय’, ‘दुसऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’, ‘तऱ्हा’ आणि ‘कीर्तिमंदिर’ हे पाच शब्द छापून पाहावेत.

सर्व्हर आणि बॅकअप

कार्यालयातल्या संगणकालाच सर्व्हर करू नये. वीज गेली, पंखा बंद पडला, कोणी तो झाडताना हलवला, अशा कारणांनी सेवा बंद पडते. भाड्याचा एक लहान आभासी सर्व्हर, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा आपल्यापुरता वेगळा केलेला भाग, पुरतो, आणि त्याचे केंद्र मुंबईत असले तर पाने चटकन उघडतात. त्यावर वेब सर्व्हर म्हणून एनजिनएक्स किंवा अपाची यांपैकी जे सांभाळणाऱ्याला येते ते ठेवावे. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून विनामूल्य मिळते, पण ते थोड्या थोड्या मुदतीने नूतनीकृत करावे लागते, म्हणून ते काम स्वयंचलित करावे.

बॅकअपविषयी एवढेच म्हणेन की, जो परत उभा करून पाहिलेला नाही तो बॅकअप धरू नये. एकदा आम्ही रोज रात्रीची प्रत नेमाने काढत होतो. फाइलचा आकार बरोबर वाटत होता. सहा महिन्यांनी ती दुसऱ्या संगणकावर उघडली, तेव्हा सर्व शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या, कारण प्रत काढणाऱ्या जोडणीचा अक्षरसंच देवनागरी ओळखत नव्हता. सुदैवाने मूळ डेटाबेस शाबूत होता.

दोन संध्याकाळींची चाचणी

अंतिम निर्णयापूर्वी दोन पर्याय निवडून प्रत्येकाला एक संध्याकाळ द्यावी. कसोटीच्या साठ-सत्तर नोंदी भराव्यात. दोन ब्राउझरमधून एकाच वेळी एकच प्रत देऊन पाहावी. दुसरी देवघेव नाकारली गेली पाहिजे. ‘दुसऱ्या’ तिन्ही रीतींनी टंकित करून शोधावे. शीर्षकांची यादी छापून ग्रंथपालांकडे द्यावी आणि अनुक्रम त्यांनाच तपासू द्यावा. रात्री एकच्या नूतनीकरणाचा दंड काढून पाहावा. एक पावती छापावी. शेवटी बॅकअप काढून, चालू डेटाबेस पुसून, तो परत उभा करावा आणि पहिली नोंद शोधावी.

ज्या पर्यायात हे सारे सुरळीत झाले तो घ्यावा. दोन्हींत झाले, तर ज्यासाठी बडोद्यातली अधिक नावे लिहिता आली तो घ्यावा. मग एका पानावर निवडलेल्या प्रत्येक घटकाचे नाव, आवृत्ती, आधार संपण्याचा महिना, निवडीचे कारण आणि सांभाळणाऱ्याचे नाव लिहावे, त्यावर कार्यवाहांची सही घ्यावी आणि ते पान दाखल नोंदवहीच्या पहिल्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवावे.